बॅलन्स आला नाही आणि प्रिव्ह्यूचा फोटो साडीच्या दुकानाच्या दारात, काय करू?

भांडुपचा_कॅमेरा

नमस्कार मंडळी, इतके दिवस इथे नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितोय आणि ते पण वैतागून, त्यामुळे लांबलं तर सांभाळून घ्या.

मी भांडुपला राहतो, सात वर्षं लग्नं शूट करतोय, आधी दुसऱ्यांकडे आउटसोर्सला जायचो, आता चार वर्षं स्वतःचं आहे. स्टुडिओ वगैरे काही नाही, मी कॅन्डिड (नकळत टिपलेले) करतो, एक मित्र ट्रॅडिशनल (विधींचे आणि उभं करून काढलेले) आणि एक व्हिडिओवाला. डिसेंबरात दादरच्या एका हॉलला लग्न होतं, हळद अधिक लग्न, ४० शीटचा एक अल्बम, ९५ हजारात ठरलं. ३० टोकन, २५ लग्नाच्या दिवशी आणि ४० अल्बम हातात देताना. कायम असंच करतो, आजवर कुणी बुडवलं नव्हतं. सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर ठरलं, कागद काही नाही, हे आधीच सांगतो म्हणजे शिव्या एकदमच घालून घ्या.

लग्नानंतर सिलेक्शनसाठी, म्हणजे अल्बमचे फोटो निवडायला, साडेआठशे प्रिव्ह्यू फोटो ड्राइव्हवर टाकले, लाँग साइड (लांब बाजू) २०४८ पिक्सेल, खाली उजव्या कोपऱ्यात माझा बारीकसा वॉटरमार्क. लिंक नवरीच्या भावाला पाठवली कारण पहिल्यापासून व्यवहार तोच बघत होता. त्याने ती फॅमिली ग्रुपवर टाकली, तिथून ती कुठे कुठे गेली देव जाणे. सिलेक्शन मात्र येईना. आज मामांकडचे बघायचे राहिलेत, उद्या ताई माहेरी आली की बसतो, असं करत अडीच महिने गेले.

मागच्या रविवारी बायकोला घेऊन दादरला गेलो होतो, तिच्या बहिणीच्या केळवणाला साडी घ्यायची होती. एका दुकानाच्या दारात जाहिरातीचा माणसाएवढा स्टँडी आणि त्यावर माझी नवरी. म्हणजे माझी नव्हे, क्लायंट. बायको पण हसली तेव्हा. नवरी गौरीहरापुढे बसलीय, डोळे खाली, मुंडावळीच्या मोत्यांवर डावीकडच्या खिडकीचा उजेड. त्या उजेडासाठी मी हॉलवाल्याला सांगून ट्यूबलाइट बंद करून घेतली होती, भटजी ओरडले होते माझ्यावर, मुहूर्ताला वीस मिनिटं राहिलेली. तो फोटो मी झोपेतही ओळखेन. उजवा कोपरा कापलेला. जवळ जाऊन बघितलं तर पदराची किनार सगळी फाटलेली, कारण प्रिव्ह्यूचीच फाइल मोठी केलीय.

दुकानदार म्हणाला ताईंच्या भावानेच दिला, साडी आमच्याकडची, आम्ही डिस्काउंट दिलाय. भावाला फोन केला तर म्हणतो लग्न आमचं, फोटो आमचे, आम्ही कोणालाही देऊ, तुमचा काय संबंध? आणि वरून, अल्बम आता राहू दे, आम्ही बाहेरून प्रिंट काढल्यात, हिशोब मिटला.

४० हजार गेले ते गेले, पण "तुमचा काय संबंध" हे काही पचत नाहीये. कॉपीराइट माझाच ना? दुकानाला नोटीस पाठवू का? आणि पुढच्या सीझनला नक्की काय बदलू?

शटर_वसई

भावा सेम टु सेम माझ्यासोबत झालंय, माझ्या वेळी मेकअपवाली होती, वॉटरमार्कवर तिच्या पेजचा स्टिकर चिकटवला, काय डोकं बघ. जास्त विचार करू नकोस, ज्याने क्लिक केला त्याचा कॉपीराइट, जगात सगळीकडे हाच रूल आहे. ठोक नोटीस, २ लाख माग, ४० आपोआप येतील. आणि वॉटरमार्क कोपऱ्यात कशाला टाकतोस, मधोमध टाकायचा, तोंडावर.

वकिलीण_ठाणे

वसईवाल्यांनो, जरा दम धरा. नेटवर इंग्रजीत वाचलेलं अमेरिकेचं नाहीतर इंग्लंडचं असतं आणि लोक ते इथे लावतात, मग नोटीस उलटते.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या कलम १७ ची सुरुवात तुम्ही म्हणता तशीच आहे, कलाकृती ज्याने केली तो पहिला मालक, आणि फोटोच्या बाबतीत "लेखक" म्हणजे फोटो काढणारा माणूसच. पण खाली अपवाद आहेत आणि त्यातला (ख) नेमका लग्नाच्या फोटोग्राफरवर येऊन बसतो. कोणी पैसे देऊन, स्वतःच्या सांगण्यावरून फोटो काढून घेतला असेल आणि उलट काही ठरलेलं नसेल, तर पहिला मालक तो काढून घेणारा. म्हणजे कागद नसेल तर मालक क्लायंट. इंग्लंडातही पूर्वी हेच होतं, त्यांनी १९८८ च्या कायद्यात बदललं, आपल्याकडे जुनंच चालू राहिलं.

तुम्ही विचाराल की पण पैसे पूर्ण दिले कुठे. त्याने फरक पडेलच असं नाही, कारण पैसे द्यायचं कबूल करणं हाही कायद्याने मोबदलाच. म्हणून बॅलन्स थकला की मालकी आपोआप तुमच्याकडे परत आली, असं मी तरी कोर्टात उभं राहून म्हणणार नाही. "पूर्ण पैसे आल्याशिवाय वापराची परवानगी नाही" हे एक वाक्य चॅटमध्ये असतं तर गोष्ट वेगळी होती.

तरी तुमचा काहीच संबंध नाही हेही खोटं. मालकी दुसऱ्याची असली तरी कलम ५७ खाली, हे काम माझं आहे असं सांगायचा हक्क फोटो काढणाऱ्याकडे राहतो, तो विकून पण जात नाही. दुसरं, २०१२ च्या दुरुस्तीत ६५ब आलं. फोटोवर काढणाऱ्याचं नाव आहे आणि ते कोणी जाणूनबुजून, अधिकार नसताना काढलं किंवा बदललं तर दोन वर्षांपर्यंत शिक्षा आणि दंड आहे. आता इथे कोपरा मुद्दाम कापला की स्टँडीच्या मापात बसवताना गेला यावर वाद होईल, आणि क्लायंटच मालक असेल तर अधिकाराचाही वाद निघेल, त्यामुळे यावर केस उभी करू नका, पण नोटिशीत लिहायला मुद्दा वजनदार आहे. मेकअपवालीने स्टिकर चिकटवला ते मात्र यात जास्त बसतं.

४० हजारांचा कॉपीराइटशी काही संबंधच नाही. तो साधा करार आहे, तोंडी आणि चॅटवरचा करार पण करारच असतो. रक्कम लिहिलेलं चॅट, ३० आणि २५ च्या बँकेच्या एन्ट्री, ड्राइव्हची तारीख, एवढं जपून ठेवा. दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे पण तोवर थांबू नका. फक्त "अल्बम नको" म्हणाले तर अल्बमच्या छपाईचा जो खर्च वाचला तो त्यातून वजा करायची तयारी ठेवा, न्यायाधीश तेच पहिलं विचारतील. आणि एक विचारते, नवरीशी बोललात का? भावाशी नाही, नवरीशी.

निगेटिव्ह_काका

मी गिरगावातला, १९८१ ला धंद्यात आलो, आता बंद केलं, गुडघे गेले. तुमचं सगळं वाचलं. आमच्या वेळी हा प्रश्नच नव्हता हो. निगेटिव्ह आमच्या कपाटात. ३६ चा रोल, एका लग्नाला सहा नाहीतर आठ, कॉन्टॅक्ट शीट काढायची, अंगठ्याएवढे फोटो, यजमान भिंग लावून खुणा करायचे आणि मग आम्ही प्रिंट काढायचो. दहा वर्षांनी आजी वारली की लोक यायचे, भिंतीवर लावायला आजीचा एक मोठा करून द्या, लग्नातला तो बरा आलाय. निगेटिव्ह शोधायला कधी दोन दिवस लागायचे. कायदा कोणाच्या बाजूने होता ते आज या वकीलबाईंकडून कळलं, तेव्हा कोणी विचारलंच नाही, कारण वस्तू आमच्या हातात होती.

तुम्ही पोरं लग्न झालं की आठ दिवसांत सगळा मालच हवाली करता आणि मग पैशाची वाट बघत बसता. साडेआठशे फोटो, तेही प्रिंट निघेल असे. मग अल्बमला कोण येतंय? गरज सरो आणि वैद्य मरो, दुसरं काय.

मी दुसरा हप्ता अंतरपाट धरायच्या आधी घ्यायचो. नवऱ्यामुलाच्या नाही तर मुलीच्या काकाकडून, कारण पाकिटं काकाच्या खिशात असतात. अक्षता पडल्या की यजमान जेवणावळीत हरवतो, मग तो आणि तुम्ही.

पिक्सेल_मुलुंड

काका एकच नंबर. टेक्निकल बाजू मी सांगतो, दिवसभर हेच करतो, दोन स्टुडिओंचं एडिटिंग बघतो.

२०४८ ला तू प्रिव्ह्यू नाही दिलास, डिलिव्हरी दिलीस. ९ इंचाच्या प्रिंटला इंचामागे सव्वादोनशे पिक्सेल होतात, घरच्या अल्बमला भरपूर झाले. सहा फुटी स्टँडीला इंचामागे तीसही येत नाहीत, म्हणून किनार फाटली, पण रस्त्यावरून जाणाऱ्याला काय कळतंय. आणि बरेच जण एक्सपोर्ट करताना ७२ डीपीआय (इंचामागे किती ठिपके) टाकून निवांत होतात, त्याने काडीचा फरक पडत नाही, तो नुसता फाइलवर लिहिलेला आकडा आहे, पिक्सेल तेवढेच राहतात. सिलेक्शनला लाँग साइड १२०० खूप झाली, डोळे मिटलेत की उघडे तेवढंच बघायचं असतं. अर्थात १२०० मध्ये पण ४ बाय ६ ची प्रिंट निघते, म्हणून सिलेक्शनच्या सेटवर मधून आडवा जाणारा फिकट वॉटरमार्क आणि त्यातच फाइल नंबर. क्लायंट नंबर वाचून सांगतो, त्यालाही सोपं, आणि खोडायला अवघड. अवघड म्हणतोय, अशक्य नाही. आता एआयने मधला वॉटरमार्क पण मिनिटात उडतो, पण पैठणीच्या बुट्टीवरून किंवा मेंदीवरून गेलेला असेल तर मागची नक्षी ते स्वतःच्या मनाने भरतं आणि मोराची कोंबडी होते. मी बघितलीय :)

लाइटरूममध्ये (एडिटिंगचं सॉफ्टवेअर) कॉपीराइटचं मेटाडेटा, म्हणजे फाइलच्या आत नाव वगैरे माहिती, भरतोस का? कॅमेऱ्याच्या मेनूत पण नाव टाकायची सोय असते, एकदा टाकलं की प्रत्येक फाइलमध्ये जातं. पण त्याच्या भरवशावर राहू नकोस, व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की सगळं पुसलं जातं, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तरच राहतं. खरा पुरावा तुझी रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली मूळ, एडिट न केलेली. ती कोणाला देऊ नकोस. त्या गौरीहराच्या आधीचे आणि नंतरचे पाच-सात फ्रेम तुझ्याकडे असतील ना, भटजी ओरडतानाचा पण असेल, तो असा सलग सेट दुसरा कोणीच दाखवू शकत नाही.

ड्राइव्हऐवजी पिनवाली गॅलरी वापर, डाउनलोड बंद ठेवता येतं. स्क्रीनशॉट काढणारे काढतातच, पण साडेआठशे स्क्रीनशॉट काढायला भावाला पण कंटाळा येईल. हल्ली पाहुण्यांनी क्यूआर स्कॅन करून सेल्फी टाकला की त्यांचे त्यांचे फोटो मिळतात ती पण सिस्टिम आलीय, लोकांना जाम आवडते, पण ती पूर्ण पैसे आल्यावरच चालू कर. एकदा दोनशे पाहुण्यांच्या मोबाइलवर गेलं की विषय संपला.

लग्नघरातली_मी

मी फोटोग्राफर नाही, मागच्या मे महिन्यात लग्न झालं, फोटोग्राफर शोधताना या ग्रुपला आले आणि राहिले. दुसरी बाजू सांगू का, रागावू नका.

माझ्या फोटोग्राफरने माझ्या पाठवणीचा व्हिडिओ स्वतःच्या पेजवर पैसे भरून जाहिरात म्हणून चालवला. मी बाबांच्या गळ्यात पडून रडतेय, काजळ गालावर, आणि खाली "बुकिंग चालू". मला कोणी सांगितलं माहितीये, ऑफिसमधल्या सिक्युरिटीच्या काकांनी. मॅडम तुमचा व्हिडिओ छान आहे. मला एका शब्दाने विचारलं नव्हतं. फोन केला तर म्हणे सगळे टाकतात, पोर्टफोलिओ असतो. मग सांगा, आमचे फोटो आमच्या परवानगीशिवाय तुम्ही वापरले तर तो पोर्टफोलिओ आणि आम्ही साडीवाल्याला दिले तर चोरी?

या भाऊंचे ४० बुडवले ते चूकच आहे, त्यात काही बोलायलाच नको. पण फोटोचे पूर्ण पैसे दिले तरी तो दुकानाला द्यायचा नसतो हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही कधी, मला खरंच माहीत नव्हतं. मंगळसूत्र घेतलं की माझं, शालू घेतला की माझा, मग फोटो कसा नाही माझा? बुकिंगला तीन तास बसलो होतो, ड्रोन, एलईडी वॉल, स्मोक, सगळ्यावर बोलले, यावर एक वाक्य नाही.

वकिलीण_ठाणे

@लग्नघरातली_मी, बरोबर बोलताय, आणि मी वर लिहिलं तेच कलम तुमच्या बाजूने आहे. काही लिहून दिलं नसेल तर त्या फोटो-व्हिडिओचा कॉपीराइट तुमचाच निघतो, त्या अपवादात पैसे देऊन करून घेतलेली फिल्मही येते. शिवाय खासगीपणाचा भाग वेगळाच, २०१७ ला सुप्रीम कोर्टाने तो मूलभूत हक्क म्हणून सांगितलाय. व्हिडिओ काढायला सांगा, नाही काढला तर त्या अ‍ॅपवर कॉपीराइटचा रिपोर्ट टाका.

सिनेमॅटिक_कल्याण

आता विषय निघालाच आहे तर एक कबुली. आपण सगळे इथे कॉपीराइट कॉपीराइट करतोय आणि हायलाइटला (लग्नाच्या छोट्या व्हिडिओला) काय लावतो? पिक्चरचं गाणं. कोणाला विचारून? मागच्या महिन्यात माझ्या टीझरचा आवाजच उडवला अ‍ॅपने, क्लायंट मला ओरडतोय की मुका व्हिडिओ का दिला. लग्नात गाणं वाजवायला सूट आहे म्हणतात ना?

वकिलीण_ठाणे

वाजवायला आहे, लग्नाच्या वरातीत आणि समारंभात. तेच गाणं व्हिडिओला जोडून नेटवर टाकायला ती सूट नाही. लायसन्सवालं म्युझिक घ्या.

शटर_वसई

म्हणजे मी ठोक नोटीस म्हणालो ते चुकीचं. ठीक आहे. पण तोंडावर वॉटरमार्क मी टाकणारच.

भांडुपचा_कॅमेरा

सगळ्यांचे आभार, चार दिवसांनी लिहितोय कारण काल-परवा धावपळ होती.

वकीलताईंचं ऐकून नवरीला मेसेज केला. तिचा नंबर माझ्याकडे मेंदीच्या टायमिंगसाठी होता, तो वापरायचं सुचलंच नव्हतं, कायम भावाशी बोलायची सवय. तिला बॅलन्स बाकी आहे हे माहीतच नव्हतं. भावाने घरी सांगितलेलं की फोटोवाल्याचं सगळं क्लिअर केलं. ते ४० कुठे गेले तो त्यांच्या घरचा विषय, मी त्यात पडलो नाही. तिने २० लगेच पाठवले, बाकीचे अल्बमला, आणि तिसऱ्या दिवशी तिचं सिलेक्शन आलं, ११२ फोटो, गौरीहराचा कव्हरला. स्टँडीबद्दल तिलाही ठाऊक नव्हतं, तिला दुकानाचा राग जास्त आलाय, म्हणजे तिच्या सासूबाईंनी आधी बघितला आणि त्यांना वाटलं सून मॉडेलिंग करते.

दुकानात परत गेलो, नोटीस नाही, नुसताच. म्हटलं ठेवायचा असेल तर खाली माझं नाव टाका, नाहीतर काढा, ताईंना पण नकोय. तो म्हणाला नाव टाकायला परत प्रिंट मारावी लागेल. काल बायको तिकडून आली, स्टँडी बदललाय, आता तिथे सेलचा बोर्ड आहे. माझ्या बोलण्याने काढला की सेल लागला म्हणून ते काही कळलं नाही. भाऊ अजून फोन उचलत नाही.

पुढच्या बुकिंगसाठी हे लिहिलंय, टोकन घ्यायच्या आधी मेल करणार आणि "मान्य" असं उत्तर आल्यावरच तारीख ब्लॉक:

"फोटो आणि व्हिडिओचा कॉपीराइट फोटोग्राफरकडे राहील. पूर्ण पैसे मिळाल्यावर वधू-वर आणि घरच्यांना ते घरी, प्रिंटसाठी आणि स्वतःच्या सोशल मीडियावर कायम वापरता येतील. सिलेक्शनच्या लिंकवरचे फोटो फक्त निवडीसाठी आहेत. दुकान, मेकअप, डेकोरेशन किंवा कोणत्याही धंद्याच्या जाहिरातीला द्यायचे असतील तर आधी फोटोग्राफरला विचारायचं. फोटोग्राफरला स्वतःच्या पेजवर टाकायचे असतील तर वधू-वरांना विचारून, हो की नाही ते इथे लिहावं. ४० टक्के बुकिंगला, ४० टक्के लग्नाच्या दिवशी विधी सुरू व्हायच्या आधी, २० टक्के सिलेक्शनची लिंक देण्याआधी. अल्बम ४० शीट."

ताई, हे चालेल का? मेलवरचं "मान्य" धरतात का?

वकिलीण_ठाणे

चालेल. आयटी कायद्याच्या १०अ खाली मेलवरचा करार धरला जातो. फक्त मेल वधू-वर दोघांना पाठवा, भावाला नको. आणि तुमच्या ट्रॅडिशनलवाल्या मित्राशी आणि व्हिडिओवाल्याशी पण असंच दोन ओळींचं लिहून ठेवा, त्यांनी काढलेलं कोणाचं, ते त्यांच्या पेजवर कधी टाकू शकतात. तो वाद पुढच्या सीझनला इथे येईलच.

लग्नघरातली_मी

"हो की नाही" वाली ओळ बघून बरं वाटलं. माझा व्हिडिओ उतरवला त्याने, रिपोर्ट टाकायची वेळ नाही आली.

निगेटिव्ह_काका

नुसतं ४० शीट लिहू नका हो. माप लिहा. १२ बाय ३६ की अजून काही. नाहीतर अल्बम हातात घेऊन म्हणतील आम्हाला मोठा सांगितला होता, आणि परत वाद.